पाकिटावर न छापलेला शब्द

परत मागवलेल्या खाद्यपदार्थांच्या सरकारी सूचना वाचायची सवय मला गेल्या काही वर्षांत लागली आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन म्हणजे एफडीए असो, ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी असो की ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची संस्था, सूचना सगळीकडे साधारण एकाच साच्यातली. पदार्थाचं नाव, पाकिटाचं वजन, बॅच क्रमांक, तारीख आणि शेवटी कारण. कारणात कधी काचेचा किंवा धातूचा तुकडा असतो, कधी साल्मोनेला किंवा लिस्टेरिया हे जंतू. पण एक कारण इतक्या वेळा येतं की त्याचे शब्द आता पाठ झाले आहेत: या पदार्थात दूध आहे, लेबलवर त्याचा उल्लेख नाही. दुधाच्या जागी कधी शेंगदाणे, कधी अंडं, सोया, तीळ. बाकी वाक्य तेच.

असं कारण वाचून बहुतेकांना हायसंच वाटतं. म्हणजे माल नासका नाही, जंतू नाहीत, कोणी काही मिसळलेलं नाही. छापायचं राहून गेलं एवढंच. ज्याला कसलीही ॲलर्जी नाही त्याने ते पाकीट तसंच संपवलं तरी त्याला काही होणार नाही, आणि सूचनांमध्येही तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणूनच ही चूक लोकांना कागदोपत्री वाटते. कारखान्यातल्या लोकांनाही कधी कधी तशीच वाटते, आणि मला खरी काळजी त्याची आहे. कारण एफडीए परत मागवलेल्या मालाची धोक्याप्रमाणे जी वर्गवारी करते, तिच्या पहिल्या वर्गात असा बराच माल जातो. पहिला वर्ग म्हणजे खाणाऱ्याला गंभीर इजा किंवा मृत्यू येण्याची रास्त शक्यता. लिस्टेरिया सापडलेलं चीज जिथे जातं तिथेच न सांगितलेल्या शेंगदाण्यांची बिस्किटं जातात.

माझ्या भाचीला दुधाची ॲलर्जी आहे. दूध पचत नाही, पोट बिघडतं, यातला हा प्रकार नव्हे. तिचं शरीर दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजतं. त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार होऊन पेशींवर बसलेली असतात. प्रथिन आलं रे आलं की त्या पेशी हिस्टामीन आणि इतर रसायनं सोडतात. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वासनळी आवळते, रक्तदाब कोसळतो. काही मिनिटांत हे सगळं होऊ शकतं. त्यावर पहिला उपाय एकच, मांडीच्या स्नायूत ॲड्रिनलीनचं इंजेक्शन, तेही ताबडतोब. पण तो झाला अपघातानंतरचा उपाय. अपघात होऊ नये म्हणून या मुलीजवळ पाकिटामागची घटकांची यादी आहे, दुसरं काही नाही.

ताईला ती यादी वाचताना कधी तरी बघायला हवं. दुकानात एकदा वाचते. घरी कपाटात ठेवताना पुन्हा. आणि पाकीट फोडायच्या आधी तिसऱ्यांदा. ॲलर्जीचे डॉक्टरही हेच सांगतात, पण ती सांगितलं म्हणून करत नाही, तिच्या बोटांना ते वळण पडलं आहे. अंगठा पाकिटाची घडी सपाट करतो, कारण यादीची शेवटची ओळ नेमकी त्या घडीत गेलेली असते. मग ओठ न हलवता डोळे ओळीवरून सरकतात: व्हे, केसीन, केसिनेट, लॅक्टाल्ब्युमिन, सगळी दुधातूनच आलेली. ‘‘नेहमीचंच आहे ना गं ते?’’ असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, ‘‘नेहमीचं असतं तेच जास्त वाचावं लागतं. नवीन पाकिटाची भीती असतेच, जुन्याची राहत नाही.’’

तिच्या या वाचण्याला कायद्याचा आधार मिळाला तो तसा अलीकडेच. अमेरिकी काँग्रेसने २००४ मध्ये अन्नातल्या ॲलर्जीकारक घटकांच्या लेबलांचा कायदा केला. तो २००६ पासून लागू झाला. त्या कायद्याच्या सुरुवातीला तो का करावा लागला याची कारणं दिली आहेत, आणि एरवी कोरड्या असणाऱ्या सरकारी मजकुरात ती वाचताना मन अस्वस्थ होतं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन राज्यांत १९९९ मध्ये बेकरी, आइस्क्रीम आणि गोळ्या-चॉकलेटच्या उत्पादकांकडचे नमुने तपासले, तेव्हा त्यातल्या २५ टक्के पदार्थांच्या लेबलवर शेंगदाणे किंवा अंडं असूनही लिहिलेलं नव्हतं. न सांगितलेल्या ॲलर्जीकारक घटकांमुळे माल परत मागवण्याच्या घटनांची संख्या २००० साली १२१ वर गेली होती. त्याच्या दहा वर्षं आधी ती ३५ च्या आसपास होती. आणि ज्यांच्या मुलांना ॲलर्जी आहे अशा कित्येक पालकांनाही लेबलवरच्या शास्त्रीय नावांमागे कोणता पदार्थ दडला आहे ते ओळखता आलं नव्हतं. काळजी घेणारी माणसंच वाचून चुकत होती. म्हणून कायद्याने सांगितलं की दूध, अंडं, मासे, कवचधारी जलचर, बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळं, गहू, शेंगदाणे आणि सोयाबीन हे आठ पदार्थ साध्या, रोजच्या भाषेत लिहा. केसीन लिहिलंत तर ‘दूध’ असंही लिहा.

युरोपीय संघाची यादी याहून लांब आहे, १४ घटकांची. तिच्यात सेलरी, मोहरी, ल्युपिन नावाचं कडधान्यसुद्धा आहे. जपानच्या यादीत बकव्हीट म्हणजे कुट्टू आहे, कारण तिथे त्याच्या शेवया रोज खाल्ल्या जातात. जिथे जे खाल्लं जातं तिथे त्याची ॲलर्जी दिसते, आणि यादीही तशी ठरते.

कायदे झाले, याद्या झाल्या, तरी परत मागवण्याच्या सूचना थांबल्या नाहीत. त्या का थांबल्या नाहीत हे मला एका मैत्रिणीमुळे कळलं. ती बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. तिने एकदा मला पॅकिंगची लाइन दाखवली, आणि माझ्या मनातलं चुकीचं चित्र पुसलं गेलं. मला वाटायचं, लेबलची चूक म्हणजे कोणी तरी संगणकावर यादी टाइप करताना केलेली चूक. तीही होते. पण तिने मला एका यंत्रापाशी उभं केलं. वर छापील प्लॅस्टिकचा भलामोठा रोल फिरत होता, खालून बिस्किटांची रांग येत होती, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे गरम जबडा मिटत-उघडत होता. मिनिटाला शेकडो पाकिटं. रोल संपत आला की कामगार नव्या रोलचं टोक जुन्याला चिकटपट्टीने जोडतो, लाइन थांबतही नाही.

‘‘आता हे बघ,’’ म्हणून तिने मांडणीवरचे दोन रोल दाखवले. तोच रंग, तेच बोधचिन्ह, तोच आकार. एक साध्या क्रीमच्या बिस्किटांचा, दुसरा शेंगदाण्यांच्या. कंपनीच्या सगळ्या बिस्किटांना एकसारखं रूप द्यायचं हे जाहिरात विभागाने ठरवलं होतं, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ते देखणंही होतं. फरक होता फक्त कोपऱ्यातल्या बोटभर पट्टीत. रात्रपाळीत, घाईत, चुकीचा रोल जोडला गेला तर त्या चिकटपट्टीपासून पुढचं प्रत्येक पाकीट खोटं बोलणार. आत शेंगदाणे, बाहेर साधं क्रीम. बिस्किटं उत्तम भाजलेली, वजन बरोबर, तारीख बरोबर, सील घट्ट. गुणवत्तेच्या बाकी सगळ्या कसोट्यांवर ते पाकीट पास होतं.

म्हणून तिच्याकडे एक प्रकार संपवून दुसरा सुरू करताना लाइन रिकामी करतात, उरलेले रोल मोजून गोदामात परत पाठवतात, नव्या रोलचं पहिलं पाकीट नोंदवहीत चिकटवतात, आणि दोन माणसं बारकोडचे शेवटचे आकडे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात. शिवाय पट्ट्यावर कॅमेरा प्रत्येक पाकिटाचा बारकोड तपासतो. जुळला नाही तर लाइन बंद पडते. त्या दोघांना आकडे वाचताना ऐकलं आणि मला ताई आठवली. पाकिटाच्या दोन टोकांना दोन माणसं एकच मजकूर तितक्याच गंभीरपणे वाचत होती. मधल्या सगळ्यांच्या हातून ते पाकीट वाचल्याशिवाय जातं.

रोलची अदलाबदल हे एक कारण. बाकीचीही तितकीच साधी आहेत. पाककृती बदलली पण जुनी वेष्टनं उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून वापरली. तुटकी बिस्किटं भरडून पुढच्या घाण्यात घातली, आणि तो पुढचा घाणा दुसऱ्याच प्रकारचा निघाला. बाहेरून आणलेल्या मसाल्यात किंवा सॉसमध्ये काय आहे ते त्याच्या पोत्यावर लिहिलेलं होतं, पण तयार पदार्थाच्या लेबलपर्यंत पोचलं नाही. एफडीएने २००९ मध्ये धोकादायक अन्नाच्या नोंदीसाठी जी व्यवस्था सुरू केली, तिच्या पहिल्या काही वर्षांत बेकरीचे पदार्थ, खारा खाऊ, गोळ्या-चॉकलेट, दुग्धजन्य पदार्थ आणि सॅलडवर घालायची ड्रेसिंग्ज हेच प्रकार पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि न सांगितलेल्या घटकांत दूध सगळ्यात पुढे होतं. ज्या कारखान्यांत एकाच यंत्रावर दिवसाला अनेक प्रकार निघतात तेच हे कारखाने.

चॉकलेटचं दुखणं तर आणखी वेगळं. मिल्क चॉकलेट काढलेल्या यंत्रावर डार्क चॉकलेट काढायचं असेल तर मधे यंत्र धुवायला हवं. पण चॉकलेटला पाणी चालत नाही. थोडी ओल राहिली तरी ते गुठळ्या धरतं. मग यंत्र पाण्याने धुण्याऐवजी कोको बटर किंवा पुढचंच डार्क चॉकलेट त्यातून वाहवून आधीचं बाहेर काढतात. नळ्या, पंप, सांधे यांत दूध राहायचं ते राहतंच. एफडीएने बाजारातली डार्क चॉकलेटं तपासली तेव्हा ज्यांच्या घटकांत दूध लिहिलेलं नव्हतं अशांपैकी निम्म्याहून अधिक चॉकलेटांत दूध सापडलं. काहींवर ‘दुधाचा अंश असू शकतो’ अशी सूचना होती, काहींवर काहीच नव्हतं, काहींवर तर ‘दूधविरहित’ लिहिलेलं होतं. ताईने डार्क चॉकलेट घरात आणणं बंद केलं ते तेव्हापासून. भाचीला ते आवडायचं.

मला सगळ्यात जास्त सतावतो तो मात्र कळवण्यातला खंड. २०२४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका तरुण नर्तिकेचा बिस्किटं खाल्ल्यानंतर मृत्यू झाला. तिला शेंगदाण्यांची ॲलर्जी होती. त्या बिस्किटांत पूर्वी सोयाबीनचे दाणे असत. उत्पादकाने ते बदलून शेंगदाणे घातले, आणि विक्रेत्याच्या पाकिटावर जुनीच यादी राहिली. माल परत मागवला गेला तो त्यानंतर. उत्पादक म्हणाला, आम्ही हा बदल कित्येक महिने आधी ई-मेलने कळवला होता. विक्रेता म्हणाला, आमच्याकडे सुरक्षेची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला कोणी कळवलंच नाही. दोघांपैकी कोणाचं किती खरं हे न्यायालयाचं काम आहे. मला दिसतं ते एवढंच की दाणे बदलले त्या दिवशी बदल माहीत असलेली माणसं जगात होती. ते कळायची गरज जिला होती तिच्यापर्यंत फक्त ते पोचलं नाही. असा बदल ई-मेलने कळवून संपतोच कसा? समोरच्याने ‘मिळालं, लेबल बदललं, हे बघा नवं लेबल’ असं लिहून पाठवेपर्यंत माल गाडीत चढायलाच नको.

ब्रिटनमधल्या नताशा एडनन-लपरूजच्या बाबतीत तर लेबल चुकलंही नव्हतं. ती १५ वर्षांची होती. २०१६ च्या जुलैत विमान पकडण्याआधी तिने विमानतळावर बॅगेट, म्हणजे लांबट फ्रेंच पावाचं सँडविच, विकत घेतलं. पाकिटावर तीळ लिहिलेले नव्हते. तीळ वरून दिसतही नव्हते, कणकेतच मळलेले होते. दुकानातच बनवून दुकानातच बंद केलेल्या पदार्थावर ॲलर्जीकारक घटक छापण्याची तेव्हाच्या नियमात सक्ती नव्हती. विमानात वडिलांनी तिला ॲड्रिनलीनची दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२१ पासून अशा पदार्थांवर घटकांची संपूर्ण यादी सक्तीची झाली. तो नियम तिच्याच नावाने ओळखला जातो. त्यानंतर ब्रिटनमध्ये दुकानातच बनवलेली सँडविचं, सॅलडंही लेबलच्या चुकीसाठी परत मागवली जाऊ लागली. काही जण याला नव्या नियमाची डोकेदुखी म्हणतात. मला ते पटत नाही. चूक पूर्वीही होत होती, तेव्हा ती पकडायला लेबलच नव्हतं.

चूक आहे की नाही हे शोधणं तरी सोपं आहे का? २०१४ च्या शेवटी आणि २०१५ मध्ये अमेरिकेत दळलेल्या जिऱ्यात शेंगदाण्याचा अंश सापडला. जिरं किती मसाल्यांत, किती तयार जेवणांत जातं! शेकडो उत्पादनं परत मागवावी लागली, आणि ज्यांची शेंगदाण्याची ॲलर्जी तीव्र आहे त्यांनी जिरं असलेले पदार्थ टाळण्याचा विचार करावा असं एफडीएला सांगावं लागलं. लेबलवर ‘मसाले’ एवढाच शब्द असेल तर त्यात जिरं आहे की नाही हे कसं ओळखायचं, याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जिऱ्यात बदाम सापडल्याचं सांगून माल परत मागवला गेला. पुढे तिथल्या सरकारी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने खोलात जाऊन तपासलं तेव्हा ते बदाम नव्हतेच, महालेब होतं. महालेब म्हणजे चेरीच्या एका जातीच्या बियांतला गर, बदामाच्याच कुळातला. नेहमीची चाचणी प्रथिनाचा आकार ओळखते, आणि सख्ख्या भावंडांचे चेहरे तिला सारखे दिसले. परत मागवण्याचा आदेश मागे घेण्यात आला, पण तोवर महिने गेले होते. या कामातल्या शास्त्रज्ञांबद्दल मला फार आदर वाटतो. त्यांनी चुकीचं ‘आहे’ म्हटलं तर कोणाचा व्यवसाय बुडतो, चुकीचं ‘नाही’ म्हटलं तर कोणाचं मूल जातं.

कधी कधी नियमच उलटा फिरतो. अमेरिकेत तीळ हा नववा घटक म्हणून कायद्यात आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये सही झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला. तिळाची ॲलर्जी असलेल्या कुटुंबांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती. आणि झालं काय, तर काही बेकरीवाल्यांनी पूर्वी तीळ नसलेल्या पावांत मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घालायला सुरुवात केली आणि लेबलवर ‘तीळ’ छापून टाकलं. यंत्रं तीळमुक्त ठेवण्याची हमी देण्यापेक्षा ते सोपं पडलं. यात कायदा मोडत नाही. एफडीएनेही नाराजी व्यक्त करण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. पण काल निर्धास्त खाता येत होता तो पाव आज त्या मुलांच्या हातून गेला. ‘अंश असू शकतो’ या सूचनेचंही असंच झालं आहे. ती ऐच्छिक असते, आणि कोणती मात्रा गाठली की छापायची याला बहुतेक देशांत माप नाही. कोणी खरोखर धोका आहे म्हणून छापतं, कोणी वकिलाने सांगितलं म्हणून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. सगळी टाळावीत तर खायला काही उरत नाही. म्हणून काही जण ती वाचूनही खाऊ लागतात, आणि त्यातलं एखादं पाकीट खरं निघतं.

इथे मला एका प्रयत्नाची आशा वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाने प्रत्येक घटकासाठी एक संदर्भ मात्रा सुचवली आहे. शेंगदाणा, दूध, अंडं, तीळ यांसाठी २ मिलिग्रॅम प्रथिन, गव्हासाठी ५. दोन मिलिग्रॅम म्हणजे एका शेंगदाण्याच्या जेमतेम शंभराव्या भागातलं प्रथिन. एवढ्या मात्रेला ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण ९५ टक्के लोकांत डॉक्टरला तपासून दिसेल असं लक्षण उमटत नाही, असा हिशेब त्यामागे आहे. ही मात्रा ओलांडण्याची शक्यता असेल तरच सूचना छापा, नसेल तर छापू नका, असा नियम झाला तर त्या चार शब्दांना पुन्हा किंमत येईल. उरलेल्या पाच टक्क्यांचं काय, हा ताईचा प्रश्न मी टाळू शकत नाही. तिला मी एवढंच म्हणू शकले की आज तर शंभरातल्या शंभरांनाही काही कळत नाही.

आणि एक मागणी मला स्वतःची करायची आहे. कंपन्या माल परत मागवताना जे निवेदन काढतात त्यासाठी एफडीएचे नमुने तयार आहेत. त्यात एक वाक्य आहे: ‘पुढील चौकशीत असं दिसून आलं की कंपनीच्या उत्पादन व पॅकिंग प्रक्रियेतल्या तात्पुरत्या बिघाडामुळे हे घडलं.’ कंपनी कोणतीही असो, पदार्थ कोणताही असो, हेच वाक्य वाचून वाचून मला त्याचा राग येऊ लागला आहे. कोणता बिघाड? रोल चुकीचा जोडला गेला होता का? कॅमेरा बंद होता का, की मुळात बसवलेलाच नव्हता? पुरवठादाराने घटक बदलला आणि कळवलं नाही का? विमान अपघातानंतर चौकशीचा अहवाल जगभर वाचला जातो, कुठला स्क्रू, कुठला सेन्सर, कोणत्या क्षणी, सगळं त्यात असतं, आणि पुढचं विमान त्यातून शिकतं. लेबलच्या चुकीचं कारण मात्र त्या कारखान्याच्या फायलीत राहतं. माझी मैत्रीण सांगते की तिच्याकडे दोन माणसांनी आकडे मोठ्याने वाचण्याची पद्धत आली ती दुसऱ्या एका कारखान्यातली फसगत तिच्या कानावर आली म्हणून. तिथून इथे नोकरीला आलेल्या एका पर्यवेक्षकाने जेवणाच्या सुट्टीत ती सांगितली होती. बॅच क्रमांक आणि तारखेच्या खाली आणखी दोन ओळींची जागा प्रत्येक सूचनेत सहज निघेल. नेमकं काय चुकलं आणि आता काय बदललं, हे त्या दोन ओळींत लिहायला लावावं. ते लिहिल्याशिवाय माल पुन्हा बाजारात जाऊ देऊ नये.